शनवर संपणारे शब्द आणि वऱ्हाडाची गाडी

लग्न बिलोलीत होतं आणि नवरी, म्हणजे मी, लातूरच्या सगळ्या पाहुण्यांसकट कंधारच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला अडकले होते. गाडीचं मागचं टायर बसलं होतं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर टायर घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर पंक्चरवाल्याकडे गेला होता. मी शालूत घामाघूम. बाबा फोनवर फोन लावत होते आणि शेजारी बसलेली मावशी सारखी विचारत होती, "मुहूर्त टळला तर कसं गं?"

तेवढ्यात नवरदेवाचा फोन आला. आमचं जमलं ते शब्दांवरूनच. बघायला आले तेव्हा त्यांनी आवड विचारली. मी म्हणाले, इंग्रजी शब्दांचे खेळ. त्यांचा चेहराच उजळला. तेव्हापासून आमचा रोज एक डाव व्हायचा. एकानं शब्दाचा शेवट द्यायचा, मग आळीपाळीनं तोच शेवट असलेले शब्द सांगायचे. आलेला शब्द पुन्हा चालत नाही आणि पाच मोजेपर्यंत सुचला नाही तर हार.

"रडून राहिलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग चल. शन. स्टेशन!"

"अहो, आत्ता?"

"एक... दोन... तीन..."

"टेन्शन!" मी किंचाळलेच. अख्खी गाडी माझ्याकडे वळली.

मावशीनं फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. खेळ काय आहे ते कळल्यावर मागच्या सीटवरून काका ओरडले, "पेन्शन!" पलीकडून कुणीतरी "इलेक्शन!" म्हणालं. म्हणजे तिकडेही माणसं गोळा झाली होती. मग काय, लातूर विरुद्ध बिलोली सुरू! इंजेक्शन, कनेक्शन, फॅशन, ट्यूशन. काकांनी "राशन!" म्हटलं तेव्हा तिकडून गलका झाला, "राशन तर आपला शब्द हाय!"

"दुकानावर रेशन लिहितात ते कोणत्या भाषेत?" काका तावातावानं म्हणाले. रेशन मान्य झालं.

मावशीला चेव चढला. ती म्हणाली, "दर्शन!"

"मावशी, ते इंग्रजी नाही."

"कशाला नाही? स्पेशल दर्शनाचा पास असतोय की!"

मी हसता हसता सीटवर आडवी झाले. केसातला गजरा कुठे गेला ते कळलं नाही. बाबांनीही फोन ठेवला होता आणि बोटांवर मोजत ते शब्द आठवत होते.

मग पलीकडून आवाज एकदम मोठा आणि घुमून यायला लागला. माइकवाल्यानं त्यांच्या फोनसमोर माइक धरला होता. आता आमचा खेळ सगळ्या मांडवाला ऐकू जात होता. बाबांनी "डोनेशन!" टाकलं आणि बिलोली अडली. आम्ही सगळे मिळून मोजायला लागलो, "एक! दोन! तीन! चार!"

आणि लाउडस्पीकरमधून एक खर्जातला आवाज गरजला, "कॉन्स्टिपेशन!"

मग तिकडून हास्याचा असा लोंढा आला की फोन फाटतो की काय असं वाटलं. "कोण हो ते?" मी विचारलं.

नवरदेवाला हसू आवरत नव्हतं. "बाबा," ते कसेबसे म्हणाले.

माझे होणारे सासरे! साखरपुड्यात ज्यांच्या तोंडून "बरं" याखेरीज शब्द निघाला नव्हता, ते. मी शालूचा पदर तोंडात कोंबला. काही उपयोग झाला नाही.

टायर आलं, गाडी निघाली. मुहूर्त टळलाच होता, पण गुरुजींनी दुसरी वेळ काढून दिली. मांडवाच्या दारात सासरे बाबांच्या स्वागताला उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, गंभीर राहायचा प्रयत्न केला आणि दोघांनाही हसू फुटलं. सासऱ्यांनी बाबांना मिठीच मारली.

"डोनेशन लई भारी टाकलं, व्याही," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचेनाच."

अक्षता पडताना मी हसत होते, नवरदेव हसत होते. फोटोवाला वैतागून म्हणाला, "वहिनी, जरा तोंड मिटा की!" मला काही ते जमलं नाही.