दयारामच्या अंगणातला लष्करी ट्रक

दयाराम माझा शेजारी. न्हावा शेव्याला त्याने आयुष्यभर ट्रेलर चालवले आणि ते काम सुटल्यावर लिलावात लष्कराचा एक जुना ट्रक घेतला. मला लिहिण्याची सवय नाही. पण हा ट्रक अंगणातून बाहेर कसा पडला ते मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढं तरी नीट सांगता येईल असं वाटतं.

ट्रक आला तो दुसऱ्या गाडीला बांधून, ओढत. खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या आमच्या खारबांधावर दगड न्यायचे तर साधी गाडी चिखलात रुतते. याची पुढची चाकंही ओढतात, म्हणून दयारामला हाच हवा होता. चिंचेच्या फांदीला चेनपुली टांगून त्याने इंजिन उतरवलं, उघडलं, पुन्हा बसवलं. मागे दगड ओतता येतील असा उलटणारा हौदा जोडला. मधे सोनूबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, भाकरीची परात नाहीशी झाली. सापडली तेव्हा तीत डिझेल होतं आणि डिझेलात नट.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न ठरलं.

"हलदीला मांडव कुठं घालू?" सोनूबाई म्हणाली. "तुमच्या ह्या हत्तीच्या पाठीवर?"

"घाल की. पावन्यांना लांबून दिसंल."

"हसू नका. मांडवाच्या दिवशी गारी सोताच्या चाकांवर भाईर गेली तर तुमची. न्हाय तं भंगारवाला हितंच कापून नेल."

"कबूल," दयाराम म्हणाला. मला मात्र हळूच सांगितलं, "नाना, सेल्फ दुरुस्तीवरनं आला का सगलं झालं. फक्त रिव्हर्सचं दातं झिजलेत. गियर लागतो, पन सुटतो. लगीन झाल्यावर बघू. भाईर जायला रिव्हर्स कशाला पायजे?"

ट्रकचं तोंड फाटकाकडे होतं, त्यामुळे मलाही ते पटलं.

मांडवाच्या सकाळी तो दुरुस्तीला दिलेला सेल्फ, म्हणजे इंजिनाचा स्टार्टर, आणायला पनवेलला गेला. इकडे मुहूर्त झाला आणि त्याच्या मोठ्या बहिणीने, आवडाबाईने, गाणी म्हणत मुहूर्तमेढ रोवली. उंबराची फांदी, आंब्याची पानं, हळकुंड, सगळं यथासांग. जागा निवडली अंगणाच्या बरोबर मधे, ट्रक आणि फाटक यांच्यामध्ये; कुठल्याच बाजूने ट्रक जाईल एवढी वाट उरली नाही. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण ट्रक आता तुकड्यातुकड्यांनीच जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भंगारवाला गॅसकटर घेऊन ओट्यावर चहा पीत बसला होता.

दयाराम आला, ट्रकखाली शिरला, सेल्फ बसवला. पहिल्याच फिरकीला इंजिन लागलं. काळा धूर बायकांच्या अंगावर गेला, शिव्या आल्या. तो हसत पुढे पाहतो तर समोर मेढ.

"आक्का, ही हितं कोनी रोवली?"

"मी. मुहूर्त तुज्या सेल्फसाठी थांबत न्हाय."

"वाईच बाजूला घे ना."

"लगीन लागंपर्यंत मेढ हलत न्हाय. पोरीचं बरं व्हावंसं वाटतं ना तुला?"

दयारामने स्वतःही ती हलवली नसती. भंगारवाल्याने कप खाली ठेवला. "शेठ, कटर लावू?"

दयाराम मागे वळला. ट्रकच्या मागे माझं मेंदीचं कुंपण, माझ्या परसाचा कोपरा, मग भरतीचं पाणी येतं तो नाला, खारं शेत आणि बांध. ओहोटी पूर्ण झाली होती. नाल्यात नुसता चिखल.

"नाना, तुमचं कुंपन..."

"जाऊ दे," मी म्हणालो. कधी नव्हे ते मोठ्याने.

"मंग कोनीतरी गियरचा दांडा धरून बसा. सुटला तर नाल्यातच ऱ्हाऊ."

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. सोनूबाईने पदर खोचला आणि चढून वर बसली.

"दोन्ही हातांनी धर. सोरू नको."

"तुमाला धरून बसलेय एवरी वरसं, ह्यो दांडा काय मोठा!"

ट्रक उलटा निघाला. कुंपण कडकड मोडलं. मागची चाकं नाल्यात उतरली, चिखलात आसापर्यंत गेली आणि जागीच फिरू लागली. भाविका ओट्यावरून ओरडली, "आई, सोरू नको!" दयारामने पुढची चाकं जोडली. ट्रक हादरला, चिखल माझ्या भिंतीपर्यंत उडाला, आणि मग तो सावकाश, पाठमोराच, शेतावर चढला.

भंगारवाला खळखळून हसला आणि मांडवाचे बांबू धरायला उठला.

सोनूबाई उतरली ती ग्रीसने कोपरापर्यंत काळी. "ऱ्हाऊ द्या ह्याला बांधावर," ती म्हणाली. "पन आदी रिव्हर्स नीट करा. दर वेलेला मी येनार न्हाय."

दयारामने रिव्हर्स दुरुस्त केला. तरी पावसाळ्याआधी बांधावर दगडांची पहिली खेप गेली, तेव्हा दांड्याशेजारी सोनूबाईच बसली होती. कुंपण मी पुन्हा लावलं नाही. गाडीला वाट हवी.