क्लचताईंच्या फोटोखालचं बटण

गाडी शिकवणाऱ्या शाळेत त्यांना सगळे क्लचताई म्हणत. शिकणाऱ्याचा पाय चुकला की शेजारून त्या "क्लच! अहो, क्लच!" असं काही ओरडत की रस्त्यावरचे लोकही आपल्या पायांकडे बघत. तेरा वर्षं शिकवलं, बंपरला ओरखडा नाही. आणि गेले आठ महिने त्यांच्याकडे शिकायला कुत्रंही फिरकेना! मालक म्हणाले, "ताई, तुम्हाला मागणीच नाही हो. या महिनाअखेरीला थांबवू या."

ताई घरी येऊन ढसाढसा रडल्या. आपलं ओरडणंच नडलं, असं त्यांनी मनाशी धरलं. नवरा म्हणाला, "मग जरा हळू ओरडायचं." आता याला काय म्हणावं!

त्याच आठवड्यात धाकट्या जावेला गाडी शिकायची हुक्की आली. ताईंच्याच टेबलाशी बसून तिने शाळेची वेबसाइट उघडली, ताईंचं पान काढलं, फोटोखालचं 'माझ्याकडे शिका' बटण दाबलं. फॉर्म आला. शिक्षकाच्या रकान्यात नाव आधीच निवडलेलं. मालकांच्या मेव्हण्याचं!

"अगं, तू बदललंस का?"

"मी कशाला हात लावू? भरलेलंच आलं."

वेबसाइट बघायचा तोच मेव्हणा, आणि शिकवायचाही. प्रत्येक शिक्षकाला एक नंबर असे. बटणाच्या लिंकमध्ये जो नंबर, त्याचं नाव फॉर्ममध्ये आपोआप बसे. पठ्ठ्याने ताईंच्या बटणात स्वतःचा नंबर घातला होता. भरलेला रकाना कोण तपासतं? शिकायला आलेल्यांना तो सांगे, "ताईंना वेळ नाही, मीच शिकवतो."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मालकांकडे गेलं तर मेव्हणा दोन मिनिटांत नंबर बदलून साळसूदपणे हात झटकणार. मग त्यांनी जुन्या छत्तीस विद्यार्थ्यांना निरोप धाडला. शाळेत दर सोमवारी सकाळी आठला नव्या लोकांना एकत्र माहिती देत, तिथे कितीही नावं चालत. "माझ्या फोटोखालचं बटण दाबून येत्या सोमवारसाठी नाव नोंदवा. भरलेलं काही बदलू नका."

रविवारी मेव्हण्याने मालकांना फोन लावला. "छत्तीस जण, दाजी! सगळे माझ्याकडे! उद्या येऊन बघाच."

दाजी आले. छत्तीस जण आले. ताई मागच्या रांगेत येऊन बसल्या. मेव्हणा बोलायला उभा राहताच एक नर्सबाई कडाडल्या, "हे कोण? आम्ही क्लचताईंकडे नाव दिलंय. अहो, तेरा वर्षांपूर्वी मला गाडी त्यांनीच शिकवली!"

मालकांनी नर्सबाईंचा मोबाइल घेतला आणि ताईंच्या फोटोखालचं बटण स्वतः दाबलं. एकदा, पुन्हा एकदा. दोन्ही वेळा रकान्यात मेव्हण्याचंच नाव आलं.

"ताई, चुकलं. उद्यापासून तुमची गाडी तुमच्याकडे."

"हा इथे असेल तर मी नाही."

"घरचा माणूस आहे हो. बायको मला घरात घेणार नाही."

"तो तुमचा प्रश्न," ताई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. मागोमाग छत्तीस खुर्च्या सरकल्या.

मालकांनी मेव्हण्यापुढे हात पसरला, गाडीच्या किल्लीसाठी. किल्ली देताना त्याचे डोळे भरून आले. खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. ताईंनी नाही घातली. त्या थेट त्याच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तो रडायचा थांबेपर्यंत बघत राहिल्या.