तुळसा कुबल आणि न्हाणीतला पंखा

देवबागला खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर तुळसा कुबल राहते. तिची मुलगी दिव्या माझ्या वर्गात होती, तेव्हापासून मी तिला ओळखतो. मासळीची टोपली घेऊन ती मालवणच्या बाजारात बसायची. बोलणं मोजकं, पण मनात एखादी शंका आली की ती फेडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवरा वारल्यावर तिने पर्यटकांसाठी घरालगत दोन खोल्या बांधल्या. शेजारी तिची धाकटी जाऊ शर्मिला हिनेही बांधल्या. दोघींचीही घरं आता त्या खोल्यांवरच चालणार होती.

न्हाणीत कुबट वास येतो, अशी पाहुण्यांची कुरकुर असे. म्हणून २००६च्या दिवाळीआधी दोघींनी महादू वायरमनकडून पत्र्याचे एक्झॉस्ट पंखे बसवून घेतले. दोन्हीकडे झरोका शॉवरच्या डोक्यावर होता, म्हणून पंखाही तिथेच बसला. त्याची चौकट शॉवरच्या लोखंडी नळीला टेकलेली होती. 

सुट्टीत एका सकाळी दिव्या आईच्या त्या न्हाणीत केस धुवायला गेली आणि रडत बाहेर आली. नळाला हात लावताच खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या. दुपारी पाहुणे यायचे होते. तुळसाने महादूला बोलावलं.

महादूने पंखा चालू केला, नळाला बोटं लावली आणि हसला. "काय नाय गो काकी. पोरीक भास झालो."

तुळसा त्याच्या पायांकडे बघत होती. "रबराची चपला काड. लादयेर पाणी वत आनी मगे हात लाव."

"ओल्यात अनवाणी? माका काय याड लागला?"

"मगे येतली ती माणसा काय चपला घालून न्हातली?"

महादूने मेन स्विच बंद करून पंखा उतरवला. आत पाणी शिरलं होतं. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, आणि गळती होताच वीज तोडणारा ट्रिप स्विच घरात नव्हता. तो कणकवलीहून आणावा लागेल, आणि पंखा शिंतोडे पोचणार नाहीत असा लांब बसवावा लागेल, असं तो खाली मान घालून म्हणाला.

तुळसाने पाहुण्यांना फोन करून नको म्हणून कळवलं. मग महादूला घेऊन ती जावेकडे गेली. तिथे सोलापूरचं कुटुंब उतरलेलं होतं.

"पावणे गेल्यार बघूया," शर्मिला हळू आवाजात म्हणाली.

"आताच बघूक होया."

"तुझे खोले रिकामे, म्हणान माझी माणसा घालवतंस, वयनी?"

"माणसा आसत म्हणानच सांगतंय."

एवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून पाहुणे न्हाणीकडे निघाले. तुळसा दारात आडवी उभी राहिली आणि बाजारातल्या मराठीत म्हणाली, "साहेब, आत जाऊ नका. पंख्याचा करंट नळात उतरतो."

अर्ध्या तासात गाडीत सामान चढलं. शर्मिला पडवीतल्या खांबाला टेकून बघत राहिली.

महादूने मग तो पंखा तपासला. अर्थिंगची तार तिथेही नव्हती, पण पंखा कोरडा होता, गळती नव्हती. "आज तरी काय झाला नसता," तो म्हणाला. ते शर्मिलाने ऐकलं.

पुढे दोन्ही घरांत ट्रिप स्विच बसले, पंखे हलले. पण तो हंगाम शर्मिलाचा गेला. सोलापूरकरांनी आणखी चार घरांत सांगितलं असावं. "जावेन माझ्या दारात माझी अब्रू काडली," असं ती अजून सांगते.

तुळसाला मी विचारलं, तेव्हा ती मासे साफ करत होती. "तिचा खोटा नाय, गुरुजी. त्या दिवशी करंट नव्हतोच," ती म्हणाली. पुढचा मासा उचलत म्हणाली, "पण माका खंय ठावक होता?"

कुबलांचा गणपती एकच, तो तुळसाच्या घरी बसतो. यंदा शर्मिला आली, आरतीला उभी राहिली. प्रसाद मात्र तिने दिव्याच्या हातून घेतला.