आ करा, डाक्तर

"आ करा."

नमस्कार नाही, कोण कुठले ही चौकशी नाही. माणूस समोर आला की म्हातारा आपला अंगठा त्याच्या हनुवटीला लावायचा आणि म्हणायचा, "आ करा." ग्रामसेवक असो, मत मागायला आलेला उमेदवार असो, नाहीतर सोयरीक घेऊन आलेला पाहुणा असो. आधी दात, मग चहा.

मी जनावरांचा डॉक्टर. घर सांगलीत विश्रामबागेत आणि नोकरी तिकडे जत तालुक्यात, जिथून पुढे दुकानांच्या पाट्या कानडी व्हायला लागतात त्या माळावर. नवीन नोकरी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप अशा थाटात मी ह्या मेंढपाळ म्हाताऱ्याच्या वस्तीवर मेंढ्यांना लस टोचायला गेलो, तर ह्याने माझीच हनुवटी धरली. आता तुम्ही म्हणाल, तू शिकलेला माणूस, तू हात झटकायला हवा होतास. अहो, त्या आवाजापुढे मेंढा बसायचा, माझं काय घेऊन बसलात! मी मुकाट्याने आ केला.

म्हाताऱ्याने उन्हाकडे माझं तोंड वळवलं, आत नीट बघितलं आणि खोपटाकडे तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, "दोनदाती हाय गं! लय कवळा हाय!"

मेंढराचं वय दातांवरून कळतं. दुधाचे दात पडून दोन मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, मग सहादाती, आणि सगळे भरले की जनावर जुळलं म्हणतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण तो हिशोब माणसांना, त्यातून वर्ग एकच्या अधिकाऱ्याला, लावायचा असतो हे आमच्या प्राध्यापकांनी कधी सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या मते दातात फक्त वय नसतं, माणूस असतो. "पान खानारा कळतो, दारू पेनारा कळतो, आनि दात बसवल्याला तर लगीच कळतो. ज्यानं दात बसवला त्यानं वय चोरलं. ज्यानं वय चोरलं, त्यो काय खरं सांगल?" मेंढ्यांशी मात्र तो कानडीत बोलायचा. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मराठी मानसास्नी. मेंढराला कानडी बरी कळती."

पुढे एकदा त्याचा कळपातला पुढारी मेंढा आजारी पडला. चरणं सोडलं, मान वाकडी करून नुसता उभा. मी वरून खालून तपासला आणि म्हटलं, "मला काही कळत नाही. रक्त सांगलीला पाठवतो. तपासून आलं की सांगतो." तपासणीचा कागद यायच्या आधीच मेंढा आपला आपण बरा झाला आणि दुसऱ्याच्या शाळूच्या पिकात शिरला. मी सांगून टाकलं, "ह्यात माझं काहीच नाही. मी काही केलं नाही."

म्हाताऱ्याने पुन्हा माझी हनुवटी धरली. "आ करा." बघितलं. "चारदाती झालास गड्या." दात तेवढेच होते माझे. पण त्या दिवसापासून माझ्या शब्दाला त्या वस्तीवर वजन आलं. जावयाच्या पोटदुखीपासून मोटरसायकलच्या बिघाडापर्यंत सगळं मला विचारायला लागले.

मग ती साथ आली आणि सगळ्या जगाच्या तोंडाला मुस्कं बांधलं गेलं.

मास्कला म्हातारा मुस्कंच म्हणायचा. "मुस्कं बैलाला कशापायी घालत्यात? दुसऱ्याचं पीक खाऊ नये म्हनून. मी कुनाचं पीक खाल्लंय?" मी समजावून सांगितलं की हे दुसऱ्याला वाचवण्यासाठी आहे. तो म्हणाला, "घालतो की. मी न्हाई कुठं म्हनतोय? पर आता मानूस वळखायचा कसा? समदी सारखीच दिसत्यात. चोर बी आनि डाक्तर बी."

खरी पंचाईत ही होती. अख्ख्या आयुष्याचं त्याचं शास्त्र एका कापडाने झाकून टाकलं होतं.

तरी त्याने वाट काढली. मी गेलो की लांब बसवायचा आणि म्हणायचा, "मोबाईल काडा. त्ये हुशार लोक बोलत्यात त्ये लावा." मोबाईलवर तज्ज्ञांची चर्चा लागायची. एका चौकटीत एक, दुसऱ्या चौकटीत दुसरा, आणि मध्ये ओरडणारा तिसरा. विषाणू, लाट, प्रतिकारशक्ती. म्हातारा एक शब्द ऐकायचा नाही. "थांबवा. जरा मोटं करा की. त्वांड मोटं करा." मग डोळे बारीक करून निकाल द्यायचा. "ह्याचं वरलं समदं बसवल्यालं हाय. पुढं घ्या." "ह्यो तंबाकू खातो आनि सांगतो फुप्पूस जपा." एक तज्ज्ञ मात्र त्याला पसंत पडले, दात अगदी अस्सल म्हणून. नेमके तेच गृहस्थ सांगत होते की ही साथबीथ सगळी थाप आहे. मी डोक्याला हात लावला.

"तुमचं शास्त्र चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं," म्हातारा लगेच म्हणाला. "मी म्हनलो तरी. ह्या लोकांत एक तरी म्हनला का? परवा म्हनलं मुस्कं नगं. आज म्हनत्यात घाला. घालू की बाबा. पर चुकलो म्हना आदी!"

मी चिडलो. शास्त्रात नवी माहिती आली की मत बदलतं, त्याला चूक म्हणत नाहीत, वगैरे बरंच बोललो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा त्या चौकटीतल्यासारखाच हातवारे करतोय. मोबाईल बंद करून खिशात टाकला.

आणि आमच्या विश्रामबागेत तरी काय मोठे दिवे लागले होते? माझे शेजारी इंजिनिअरिंगचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी भडंगाचं पाकीट साबणाने धुतलं, वाळत घातलं आणि मग भीती वाटली म्हणून टाकून दिलं. कापराची पुरचुंडी हुंगून हुंगून त्यांच्या नाकाला फोड आला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडण, डॉक्टरांचं ऐकायचं की काढ्याचं. एकाने दोन्ही बाजूंच्या मेसेजला अंगठ्याचं चित्र टाकलं म्हणून दोन्ही बाजूंनी त्याच्याशी बोलणं सोडलं. तेव्हा म्हाताऱ्याला हसायचा मला काही अधिकार नव्हता. तरी हसायचो.

हसणं थांबलं ते लस आली तेव्हा.

म्हाताऱ्याची बायको, तिला सगळे आक्का म्हणायचे, दम्याची जुनी पेशंट. चार पावलं चालली की छातीत पेटी वाजायची. मागच्या लाटेत तिचा सख्खा भाऊ सांगलीच्या एका दवाखान्यात गेला होता. म्हातारी वयाने आणि दम्याने, दोन्हीने, लशीच्या रांगेत पहिली. पण ती म्हणाली, "ह्येनी घेटली की मी घ्यायची." आणि वस्ती म्हणाली, म्हातारा घेईल तेव्हा आम्ही. कळप कसा चालतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या दंडावर येऊन थांबलं होतं, आणि मला भीती वाटत होती ती आक्काची. अजून एक लाट आली असती तर ती त्यातून निघाली नसती. हे तिलाही ठाऊक होतं आणि म्हाताऱ्यालाही.

आणि हाच म्हातारा दर पावसाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांच्या लशीसाठी मला फोनवर फोन करायचा. एक कोकरू सुटू द्यायचा नाही. टोचलेल्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर स्वतः गेरूचा पट्टा ओढायचा, दुबार टोचली जाऊ नये म्हणून.

"मेंढराला चालतं आणि तुम्हाला नाही?" मी विचारलं.

"मग तुमीच टोचा की," म्हातारा म्हणाला. "तुमचं दात बघितल्यात मी."

"मला माणसाला टोचता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"म्हंजी मेंढरू असतो तर वाचलो असतो."

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई स्वतः वस्तीवर आल्या. तरुण पोरगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, तोंडावर दुहेरी मास्क. सोबतच्या नर्सबाईंनी देवळापुढे टेबल मांडलं. वस्ती कडेने उभी. म्हातारा पुढे आला आणि मला जे वाटलं होतं तेच झालं.

"आ करा."

"आजोबा, मास्क काढता येणार नाही. नियम आहे."

"मग ऱ्हाऊ द्या."

सरपंच खेकसले, "म्हाताऱ्या, येड लागलंय का? बाई एवढ्या शिकलेल्या! मी सांगतो, शंभर टक्के काय होत न्हाई!"

"तुजं दात बघितल्यात मी," म्हातारा म्हणाला. सरपंचांनी तोंड मिटलं.

मी पुढे झालो. चांगलाच तापलो होतो. "अहो, दातात काय ठेवलंय? आक्काकडे बघा जरा! कशाला हा हट्ट?"

म्हातारा माझ्याकडे वळला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मी बारीक झालेला ऐकला. "डाक्तर, हिच्या भावाला नेलं. प्लास्टिकात गुंडाळून दिला. मी म्हनलो, त्वांड बगू द्या. न्हाई म्हनले. मी कुनाला माती दिली मला ठावं न्हाई. आता परत झाकल्याल्या तोंडाचं ऐकू म्हनता?"

आक्का पदर तोंडाला लावून उभी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

डॉक्टरीणबाई टेबलापासून उठल्या. आणि चालायला लागल्या. देवळाच्या मागे, बाभळीच्या पुढे, पार लांब माळावर जाऊन थांबल्या. वाऱ्याचा अंदाज घेतला, आमच्याकडे तोंड केलं, मास्क खाली ओढला आणि भर उन्हात मोठ्ठा आ केला.

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरला. त्याला मोतीबिंदू. बाईच काय, बाभूळसुद्धा दिसत नव्हती.

"काय दिसतंय गं?" त्याने आक्काला विचारलं.

"आ केलाय," आक्का म्हणाली. "लय मोटा."

"दात?"

"एवढ्या लांबनं दात दिसायला मी काय घार हाय व्हय?"

तेव्हा बाईच तिकडून ओरडल्या, "आजोबा! डावीकडची दाढ किडलीय! लय दिवस ठणकतीय! जायला वेळ नाही मिळाला!"

म्हातारा मान हलवायला लागला. त्यानेही ओरडून विचारलं, "सुई घेटली की रोग व्हनार न्हाई, असं छातीवर हात ठिवून सांगता का?"

"नाही सांगणार! होऊ शकतो! पण जिवावर बेतायचा धोका पुष्कळ कमी होतो! उद्या ताप येईल, हात दुखेल!"

"कशावरनं?"

"मला आला होता!"

म्हातारा टेबलाकडे गेला आणि बंडी वर सारून दंड पुढे केला. "या बाई. खरी हाय ही. दाढ बी लपवंना आनि ताप बी."

त्याच्यामागून आक्का, आक्कामागून वस्ती. मी सुटलो म्हणून निःश्वास टाकतोय तोवर पाठीमागे हसण्याचा गलका झाला. म्हातारा रांगेच्या शेवटी गेरूचा डबा घेऊन उभा होता. टोचून आलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर पट्टा. "दुबार व्हायला नगं." आधी स्वतःला ओढला, मग आक्काला. सरपंचांचा कडक पांढरा शर्टसुद्धा सुटला नाही. ते तर तालुक्यालाच टोचून घेऊन आले होते, पण म्हातारा म्हणाला, "पुरावा कुठं हाय?" नर्सबाईंनी हसत हसत म्हाताऱ्याचा फोटो काढला. पट्टा दाखवत, तोंडभर हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन. "डाक्तर, ह्येनी चारा सोडलाय. अंग तापलंय." मागून म्हाताऱ्याचा कण्हत कण्हत पण खुशीतला आवाज आला, "लागलं म्हनावं! बाईंनी सांगितलं तसंच लागलं!" पुढच्या लाटेत आक्काला रोग झालाच. आठवडाभर अंथरुणात होती, पण दवाखान्याचं तोंड न बघता उठली आणि पहिलं काम म्हणजे म्हाताऱ्याला, चहात साखर कमी टाकली म्हणून, शिव्या घातल्या. मी भेटायला गेलो तेव्हा म्हाताऱ्याने माझे दात पुन्हा तपासले. "सहादाती. जुळायला अजून येळ हाय."

मग माझी बदली साताऱ्याला झाली. फोन कमी झाले. बदलीच्या गडबडीत सामान उतरवताना ट्रंक लागून माझा पुढचा दात पडला आणि मी तिथल्याच डॉक्टरकडून नवा बसवून घेतला. म्हातारा काय म्हणेल ह्या विचाराने मला आरशासमोर हसू यायचं.

त्याला तो दात दाखवायचं राहिलंच. म्हातारा झोपेत गेला. कसली साथ नाही, काही नाही, नुसतं वय. मला कळलं तेव्हा दिवस-कार्य सगळं उरकलं होतं. तरी वस्तीवर गेलो. आक्का दारात बसली होती, हातात दम्याच्या फवाऱ्याची निळी नळी, श्वास तसाच वाजत होता. मला बघून आधी रडली. मग माझं सांत्वन ऐकून न ऐकल्यासारखं करून उठली आणि माझ्या हनुवटीला अंगठा लावला.

"आ करा. ह्ये सांगून गेल्यात. डाक्तर आला की तेवढं बग म्हनून."

मी आ केला. तिने उन्हाकडे तोंड वळवलं आणि बराच वेळ बघितलं.

"जुळलं," ती म्हणाली. मग थांबली. "ह्यो म्होरला बसवल्याला हाय व्हय?"

मी तोंड उघडंच ठेवून मान हलवली.

"मग लपवू नगा. ह्यास्नी सांगून टाका."

आत भिंतीवर त्याचा फोटो होता. नर्सबाईंनी काढलेला तोच, हार घातलेला. खांद्यावर गेरूचा पट्टा आणि सगळे दात बाहेर. मी फोटोपुढे जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते, समोरचं काही धड दिसत नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं तिकडे तोंड वळवलं आणि मोठ्ठा आ केला.