दाराला रंधा

आमच्या जिन्यातल्या वहिनींना सगळे लाडाने ‘धांदरट’ म्हणतात. त्या शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करतात, पण आजवर एकदाही सुई बोटात घुसलेली नाही. घरी मात्र सारख्या दारावर आपटतात. कधी कपाळ, कधी गाल आणि एकदा तर चक्क पाठ. दार कसं वळलं, देव जाणे.

नवरा भला माणूस. जिन्यात भेटला की हसून विचारपूस करतो. भिंती पातळ, त्यामुळे त्याचा दुसरा आवाजही आमच्या ओळखीचा आहे. “बाहेर एक शब्द काढलास ना, तर पोरगी जन्मात दिसणार नाही तुला!” हे अख्ख्या जिन्याला तोंडपाठ झालंय. म्हणून वहिनी दाराचं नाव घेतात. आणि आम्हाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय नाही.

तरी आम्ही अगदीच दगड नाही. सगळ्यांनी मिळून सुतार आणला. त्याने दाराला रंधा मारला, कडा गोल केल्या. नवऱ्याने स्वतः चहा केला. “फार त्रास होता हो या दाराचा,” म्हणाला. वहिनी लेकीला पोटाशी धरून उभ्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात वहिनींचा ओठ फुटला.

“आता काय लागलं हो?” मी विचारलं.

वहिनींनी तोंड उघडायच्या आधीच त्यांची चिमुरडी घाईघाईने म्हणाली, “खिडकी.”

मी लगेच सुताराला फोन लावला.