तुंगवेइची सुयुन आणि गोड वासाचं पाणी

हुंग सुयुनचं दिराशी कधीच पटलं नव्हतं, पण खरं वैर पेटलं ते पॅराझायलीनवरून.

तुंगवेइ हे चीनमधल्या फुच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरचं कालवांचं गाव. ओहोटीला चिखलात उतरायचं, दगडी खांबांना धरलेली कालवं खरवडून आणायची आणि दारात बसून फोडायची, यातच सुयुनचा जन्म गेला. नवरा लवकर वारला. धाकटा दीर तिएनफू गावचा प्रमुख झाला, आणि दुसऱ्या शहरानं हाकलून लावलेला कारखाना त्यानं गावात आणला. तिथं पॅराझायलीन बनणार होतं. त्याच्यापासून पुढं पॉलिएस्टरचा धागा होतो. दिसायला पाण्यासारखं निर्मळ, वासाला गोडसर आणि ठिणगी पडली की भडकणारं.

दर्याची देवी माझू, तिच्या देवळापुढं सभा भरली. कंपनीचा साहेब सिगारेटी वाटत होता. तिएनफू म्हणाला, "उगाच बाऊ करू नका. तुमच्या अंगावरचे सदरे कशाचे आहेत? सोयासॉसनं बिघडतं तेवढंही पोट यानं बिघडत नाही!"

सुयुननं उठून कालवं धुवायचा वाडगा त्याच्यापुढं आदळला. "मग यात भरून आणा, भावजी. सगळ्यांदेखत प्या. पचलं की मी अंगठा उठवते."

अख्खी सभा हसली. साहेबसुद्धा हसला. तिएनफूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वहिनी, भावाकडे बघून आजवर गप्प बसलो," तो म्हणाला.

"तुझ्या भावाला मधे आणू नकोस. तो असता तर त्यानं तुला या वाडग्यातच बुडवला असता."

पुढं कारखान्याच्या संमतीपत्रावर एकेकानं सही केली. सुयुननं केली नाही. मग एके सकाळी तिच्या कालवांचे खांब कंपनीच्या हद्दीत आहेत असं ठरलं आणि यंत्रानं ते दातांसारखे उपटून काढले. ती कमरेइतक्या चिखलात उभी राहून शिव्या देत होती. बांधावरून तिएनफू बघत होता. नंतर तिच्या नळाचं पाणी गेलं. तिएनफूकडे राहणारी सासू येता-जाता म्हणायची, "नवऱ्याला खाल्लंस, आता गावाला खा." सुयुन होडी घेऊन पलीकडच्या खडकांवर जाऊ लागली. कालवं आणायची, दूरच्या बाजारात विकायची. गावात एक कालव विकलं नाही.

कारखाना सुरू होऊन दुसरा उन्हाळा लागला होता. लोक संध्याकाळची पेज जेवत होते, तेवढ्यात जमीन हादरली. घराघरांतल्या काचा ताटांत पडल्या. कारखान्याच्या टाक्यांच्या बाजूनं काळा लोट उठला. रस्ता कारखान्यावरूनच जाणारा, तो बंद. ज्यांच्या होड्या होत्या ते धक्क्याकडं पळाले.

सुयुन होडी सोडत होती, तेवढ्यात तिएनफू धावत आला. मागून त्याची बायको लियेनहुआ, पाठीवर म्हातारी.

"वहिनी, आईला घ्या! पाया पडतो!"

सुयुननं सासूला लियेनहुआच्या पाठीवरून उतरवून आपल्या पाठीवर घेतलं. म्हातारी तेव्हाही तिच्या मानेत नखं रुतवत होती. "मला हिच्या हाती देऊ नका रे! ही मला समुद्रात फेकेल!"

"गप्प बस, थेरडे. फेकायचं असतं तर उचललं असतं का?" सुयुननं तिला होडीत बसवलं. मागून लियेनहुआ चढली. तिएनफूनं पाय उचलला, तसा सुयुननं धक्क्याला बांबू लावून होडी ढकलली.

"वहिनी!"

"तू तुझ्या कारखान्यापाशी थांब," ती म्हणाली आणि वल्ही मारू लागली. लियेनहुआ किंचाळत होती. सुयुननं मागं बघितलं नाही.

तिएनफू मेला नाही. धुरातून बांधावर रांगत गेला, सकाळी सैनिकांच्या गाडीला सापडला. छाती मात्र कायमची गेली. गावाला लांब नव्या इमारतीत हलवलं. तिथं कारखान्याला कुणी नाव ठेवलं नाही, सुयुनला ठेवलं. आगीनं माणूस मेला नाही, पण ही बाई दिराला मारायला निघाली होती, असं जिन्यात तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं जाई. सासू मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायली नाही.

म्हातारीचं क्रियाकर्म आटोपल्यावर तिएनफू भिंतीला धरत धरत सुयुनच्या दारात आला. बराच वेळ खोकला.

"एकच विचारायचंय. होडीत जागा नव्हती का?"

सुयुन तांदूळ धूत होती. खोटं बोलली असती तर दोघांनाही सोपं गेलं असतं.

"होती," ती म्हणाली. "ऐसपैस होती."

तो म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि जिना चढायला लागला. सुयुननं पायानं दार लोटलं.