आर्णीत शिवलेला परक्या देशाचा झेंडा

आमच्या जावईबुवांनी जगातल्या निम्म्या देशांचे झेंडे नापास केलेले आहेत. जावईबुवा म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. आर्णीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात तसे हे राष्ट्रध्वजांच्या मागे लागले. आपल्या तिरंग्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. "त्याले मार्क द्यायची आपली लायकी नाही," म्हणतात, आणि तेवढं बोलतानाही हातातला घास खाली ठेवतात. बाकी देशांची धडगत नाही. कुणी आडवे तीन पट्टे ओढून मोकळे झाले म्हणून नापास, कुणी इतकी नक्षी काढली की लुगड्याचा काठ वाटावा, म्हणून तेही नापास. माझ्या मुलाच्या लग्नात तर मांडवाचं कापड पाहून हे जेवायलाच बसेनात. का, तर ते रंग त्याच क्रमाने कुठल्याशा लष्करी राजवटीचे होते. मांडववाल्याने बिचाऱ्याने पडद्यांची अदलाबदल केली तेव्हा पंगत बसली. घरचे जावई पडले, बोलणार कोण?

काम करायची रीतही अशी, की ऐकणाऱ्याने डोक्याला हात लावावा. कागदावर काढणं नाहीच. नणंदेच्या जुन्या साड्या कापायच्या, मशीनवर शिवायच्या, आणि मग परीक्षा. झेंडा एकदाच दाखवून घडी घालायची, नि समोरच्याने तो बोटाने काढून दाखवायचा. मी कणीक मळायला बसले की हे हजर. परातीतल्या पिठात मी कितीतरी देश काढले असतील. काढता आला नाही तर चूक काढणाऱ्याची नाही, झेंड्याची, असं ते म्हणायचे. शाळेत पोरांना असं कधी म्हणाले असतील असं मला वाटत नाही.

मध्यंतरी लांबच्या कुठल्याशा बेटांच्या देशाला नवा झेंडा हवा होता, आणि नमुना कुणीही पाठवावा असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या नातीने ते मोबाइलवर वाचून दाखवलं आणि जावईबुवांचं जेवणावरचं लक्ष उडालं. निळा समुद्र, हिरवी जमीन, मधोमध केशरी सूर्य, असा झेंडा शिवून झाला. ऊन खाऊन रंग कसे दिसतात ते पाहायला, पाठवायच्या दिवसापर्यंत तो गच्चीवर बांबूला लावला. आता नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर, आणि आमच्याकडे कुठला रंग कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. निळा, हिरवा नि केशरी एका कापडावर पाहून आर्णी सुन्न झाली. ही युती झाली कधी, असं तिन्हीकडचे लोक एकमेकांना विचारायला लागले. दोघं तर तिकीट मागायला घरी आले, त्यातला एक पेढे घेऊन. नणंदेने दाराला कडी लावली आणि भावाला, म्हणजे माझ्या यजमानांना, फोन केला, की झेंडा उतरवा नाहीतर मी माहेरी येते. बहिणीच्या नवऱ्याला ते कसे बोलणार? त्यांनी मला पाठवलं.

मी पोचले तर पोलिसांचा जमादार आधीच गच्चीवर.

"गुरुजी, कोणत्या पक्षाचा हाय हा?"

"पक्षाचा नाही, देशाचा आहे."

"कोणत्या देशाचा?"

"त्यायले अजून माहीत नाही."

मला वाटलं, आता या वयात ह्यांना जीपमध्ये बसवतात की काय. पण जावईबुवांना काळजी वेगळीच. आज उतरला तर उन्हाची परीक्षा अर्धी राहणार, आणि अर्धा तपासलेला झेंडा एखाद्या देशाच्या गळ्यात मारायचा नाही, म्हणजे नमुना जाणारच नाही. तरी म्हणाले, "उतरवतो. पण आधी खाली चाला. वर पाहू नका, अन् गाडीवरच्या धुळीत काढून दाखवा." आणि खरं सांगते, जमादाराने जीपच्या बॉनेटवर बोटाने तो काढला. सूर्यसुद्धा जागच्या जागी. मग स्वतःच मागे सरून आपल्या चित्राकडे पाहत राहिला. "राहू द्या चार दिवस," म्हणाला. "कोनी विचारलं तर मी सांगतो."

नमुना गेला. त्या देशाने शेवटी जुनाच झेंडा ठेवला. माणसाने अंथरूण धरलं असेल म्हणून मी धावत गेले, तर रडत होती ती नणंद, जी त्या कापडाला आपली सवत म्हणायची. हे आपले बशीत चहा ओतून पीत बसलेले. "त्यायले त्यायचा प्यारा असन, वहिनी. चांगलंच आहे ना ते." मग बशी ठेवून हळूच म्हणाले, "कुठी नवा देश होऊन राह्यला असं कानावर आलं, तर मले सांगजा."

मी ते मनावर घेतलं. एका संध्याकाळी बातम्यांत ऐकलं, कुठलासा देश भांडणात फुटून दोन होणार म्हणून, आणि मी हरखून फोन लावला.

"असा नको, वहिनी," ते म्हणाले. "लोकायचे घरं जळून झेंडा नको. बिना भांडणाचा झाला तर सांगा."

तिकडे घरं जळत होती, आणि मी शुभवार्ता म्हणून कळवायला निघाले होते.

तेव्हापासून रोज बातम्या ऐकते, अगदी कान देऊन. त्यांचाही अधूनमधून फोन येतो. आधी तब्येत विचारतात, मग पाऊसपाणी, मग फोन ठेवतच नाहीत. काय विचारायचं आहे ते मला कळतं.

"नाही हो, अजून नाही," मी म्हणते.